कपातीची भाषा आणि वाढीची मागणी : अर्थसंकल्पीय चर्चेतील सुव्यवस्थेचा विचार

विधिमंडळांतील बेशिस्तीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यातील बराच भाग नीतिपाठाच्या स्वरूपाचा असतो. सदस्यांनी संयम राखावा, अध्यक्षांनी समदृष्टी ठेवावी, सत्ताधाऱ्यांनी ऐकून घ्यावे आणि विरोधकांनी पायरी सोडू नये, असा उपदेश त्यात असतो. उपदेश वाईट नाही. पण त्याने कशाचाच उलगडा होत नाही. एरवी नेमस्तपणे बोलणारी, वकिलीत, शेतीत वा शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेली माणसे सभागृहात गेल्यावर टाळ का वाजवू लागतात, आणि तीही अर्थमंत्री आकडे वाचीत असतानाच का, ह्या प्रश्नाचे उत्तर 'स्वभावदोष' हे असू शकत नाही. निदान अभ्यासकाने ते पहिल्याच फटक्यात पत्करू नये.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या सभागृहांची अर्थविषयक कार्यपद्धती ही खर्च कमी करू पाहणाऱ्या सदस्यासाठी घडविलेली आहे. खर्च वाढवा असे म्हणणाऱ्या सदस्याला तिच्यात हक्काचे असे साधन नाही. त्याला बोलता येते, पण त्याच्या बोलण्याचे रूपांतर मतदानास टाकता येईल अशा प्रस्तावात होत नाही. मराठवाड्यासारख्या प्रदेशाचा प्रतिनिधी बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. म्हणून सुव्यवस्थेच्या प्रश्नाकडे सभ्यतेच्या अंगाने पाहण्याआधी साधनाच्या अंगाने पाहिले पाहिजे.

प्रथम शब्दांविषयी. शांतता, शिस्त आणि सुव्यवस्था हे तीन शब्द आपण ह्या संदर्भात एकमेकांच्या जागी वापरतो. शांतता हा आवाजाचा गुण आहे. शिस्त हा व्यक्तीचा. सुव्यवस्था हा मात्र कामकाजाचा गुण आहे. बोलणाऱ्याला बोलता यावे, ज्याला उत्तर द्यावयाचे त्याने ते द्यावे, आणि मग ज्या मुद्द्यावर वाद झाला त्याच मुद्द्यावर मत घेतले जावे, एवढा तिचा अर्थ. ह्या अर्थाने पाहिले तर अत्यंत शांत सभागृहही अव्यवस्थित असू शकते, आणि चांगले तापलेले सभागृह सुव्यवस्थित असू शकते. पुढील विवेचनात हा भेद सतत लागणार आहे.

आता पद्धतीकडे वळू. केंद्रात संविधानाचा अनुच्छेद ११३ आणि राज्यांत अनुच्छेद २०३ ह्यांनी अनुदानाच्या मागण्यांची रीत ठरविली आहे. मागणी मांडावयाची ती राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या शिफारशीनेच, म्हणजे व्यवहारतः सरकारनेच. लोकसभेला किंवा विधानसभेला त्या मागणीस संमती देता येते, संमती नाकारता येते, किंवा रक्कम कमी करून संमती देता येते. रक्कम वाढविण्याचा अधिकार नाही. ह्या दंडकाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. राजाच्या शिफारशीवाचून सार्वजनिक पैशाची कोणतीही याचना विचारात घ्यावयाची नाही, असा स्थायी आदेश तेथील कॉमन्स सभेने १७१३ साली केला. राजाला खर्च हवा असे आणि प्रजेच्या प्रतिनिधींना तो नको असे. ह्या ओढाताणीतून ती सभा मोठी झाली. तिची सगळी अर्थविषयक हत्यारे म्हणूनच एका दिशेने चालणारी आहेत.

लोकसभेच्या नियमांतील कपात सूचनांचे तीन प्रकार विद्यार्थ्यांना ठाऊक असतातच. धोरणास विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना. काटकसर हवी असेल तर विवक्षित रक्कम कमी करा अशी सूचना. आणि एखादे गाऱ्हाणे मांडावयाचे असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात. ह्यातील तिसरा प्रकार मोठा नमुनेदार आहे. एखाद्या तालुक्यातील सिंचनाची कामे पैशांअभावी रखडली आहेत, असे सदस्याला म्हणावयाचे असते. त्यासाठी त्याने सूचना कोणती द्यावयाची? तर पाटबंधारे खात्याच्या मागणीत शंभर रुपये कमी करावेत! पाणी हवे म्हणणाऱ्याने घागर थोडी रिकामी करा असे लिहून द्यावे, तसा हा प्रकार आहे. जुन्या सदस्यांना ह्या सोंगाची सवय होऊन जाते. नव्या सदस्याला, आणि त्याला निवडून देणाऱ्या मतदाराला, ते कधीच पटत नाही. त्यात ठरलेल्या दिवशी ठरलेली वेळ झाली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेवाचून मतास टाकावयाच्या, हा गिलोटिनचा नियम आहे. लोकसभेत तो २०८ व्या नियमात आहे. तेव्हा ते सोंगही प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगाविशी वाटते. सार्वजनिक खर्चाविषयीच्या मराठी लोकमानसातील कथा ह्या कपातीच्या नाहीत. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे खुली केली, आणि विठ्ठलाने महाराच्या वेशात बेदरच्या बादशहाकडे भरणा केला, ही कथा घरोघर माहीत आहे. अंबाजोगाईस ज्यांची समाधी आहे त्या दासोपंतांच्या चरित्रातही थकलेल्या सरकारी वसुलीपायी पोराला बेदरला ओलीस ठेवल्याची आणि दत्ताजी पाडेवाराच्या रूपाने दत्ताने ती रक्कम फेडल्याची आख्यायिका आहे. ऐतिहासिक पुरावा म्हणून ह्या कथांचा उपयोग नाही. परंतु मंजुरीवाचून खर्च करणारा अंमलदार येथे संत ठरतो आणि हिशेब पुरा करण्याचे काम देवाकडे जाते, ही नोंद घेण्यासारखी आहे. अशा समाजाने १७१३ सालचा इंग्रजी दंडक जसाच्या तसा उचलला, तेव्हा कोठेतरी घर्षण होणारच होते.

हिंदी राजकारणात अर्थसंकल्पीय चर्चेचा पहिला मोठा मानकरी गोपाळ कृष्ण गोखले. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेकौन्सिलात त्यांनी केलेले पहिले अंदाजपत्रकी भाषण ह्या वाङ्मयाचा मानदंड समजले जाते, आणि ते यथार्थ आहे. शिलकी अंदाजपत्रके हे समृद्धीचे लक्षण नसून जादा कराचे लक्षण आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. आणि पुढील वर्षी मिठावरील कर काहीसा उतरला. त्या कौन्सिलात कमालीची शांतता असे. पण ती कशाची शांतता होती? १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. भाषणानंतर काहीच होणार नसेल तर भाषणात अडथळा आणण्याचे कारणही उरत नाही. ह्याच गोखल्यांनी आदल्या वर्षी, १९०१ साली, मुंबई कौन्सिलात जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीवर फिरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग केला होता, हे नेमस्तपणाची स्तुतिस्तोत्रे गाणारे सहसा सांगत नाहीत. आणि जेव्हा त्यांनी खर्च वाढविण्याचा, म्हणजे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा, प्रश्न हाती घेतला, तेव्हा अंदाजपत्रकी चर्चा त्यांना पुरली नाही. त्यांना १९११ साली स्वतंत्र विधेयक आणावे लागले, आणि १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. वाढीच्या मागणीला अंदाजपत्रकात साधन नाही, ही अडचण इतकी जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या सुव्यवस्थेचे शिल्पकार म्हणून गणेश वासुदेव मावळणकर ह्यांचे नाव घ्यावे लागते. मूळ घराणे संगमेश्वराकडील मावळंग्याचे, जन्म १८८८ सालचा बडोद्याचा, आणि वकिली व सार्वजनिक जीवन अहमदाबादेचे. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद, १९४६ साली मध्यवर्ती विधानसभेचे, आणि १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेचे, अशी त्यांची चढती कमान आहे. त्या शेवटच्या निवडणुकीत त्यांना ३९४ मते पडली. प्रतिस्पर्धी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे ह्यांना ५५. पराभूत उमेदवार मोरे ह्यांनी पुढे १९६० साली भारतीय संसदेच्या कार्यपद्धतीवर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला, हा योगायोग ह्या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख, अध्यक्ष मावळणकर, आणि समोरच्या बाकांवर मोरे. शिवाय हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अंबाजोगाईचे कार्यकर्ते बाबासाहेब परांजपे हेही त्या सभागृहात बीडहून पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटतर्फे निवडून आले होते. त्या काळच्या अर्थसंकल्पीय चर्चांत मराठी माणसे अशी चारही दिशांना बसली होती.

मावळणकरांची थोरवी कशात आहे? आवाज दाबण्यात नव्हे. वेळेचा तंटा सभागृहात होऊ नये म्हणून तो आधीच बाहेर मिटवावा, ही त्यांची दृष्टी होती. जुलै १९५२ मध्ये नेमली गेलेली कामकाज सल्लागार समिती हे तिचे फळ. कोणत्या मागणीला किती तास, कोणत्या गटाला किती मिनिटे, हे सर्व पक्षांनी बसून ठरवावे; मग सभागृहात अध्यक्षाने घड्याळ दाखविले तर ते घड्याळ सर्वांनी मिळून लावलेले असते. दुसरे फळ अंदाज समिती, ही १९५० सालची. खर्चाची बारीक छाननी प्रक्षुब्ध सभागृहात होत नाही, ती टेबलाभोवती बसून, कागद पुढ्यात घेऊन होते, हा विचार तिच्या मुळाशी आहे. ह्या दोन संस्थांमुळे पहिल्या लोकसभेच्या अर्थसंकल्पीय कामकाजाला जो घाट आला, तो आजही मोडलेला नाही.

पण गुणगौरवावर थांबणे हे टीकाकाराचे काम नव्हे. अंदाज समितीचे क्षेत्र पाहा. मान्य धोरणाच्या चौकटीत काटकसर कोठे करता येईल, हे तिने सुचवावयाचे. म्हणजे पुन्हा दिशा एकच, खाली. चौकटीच्या बाहेर उभे राहून 'ह्या भागात खर्च झालेलाच नाही' असे म्हणणाऱ्याला ह्या समितीचाही उपयोग नाही. लोकलेखा समिती तर झालेल्या खर्चाकडे पाहते. न झालेल्या खर्चाचा लेखा कोणी ठेवीत नाही. शिवाय पक्ष म्हणून मान्यता मिळण्यास सभागृहाच्या एक-दशांश संख्याबळाची अट मावळणकरांनी घातली, तिच्यामुळे लहान गटांना वेळेच्या वाटपात अध्यक्षांच्या मर्जीवर विसंबावे लागले. १८ डिसेंबर १९५४ रोजी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत चर्चेस आला. त्या वेळी उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार आसनावर होते. प्रस्ताव फेटाळला गेला आणि तो फेटाळला जाणे रास्तच होते, कारण मावळणकरांच्या हेतूवर घेतलेली शंका टिकणारी नव्हती. तथापि तो प्रस्ताव आणणाऱ्यांच्या चिडीचे कारण हेतूत नसून रचनेत होते, हे त्या वेळी कोणी नीट उलगडून सांगितले नाही. एका पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या सभागृहात, काटकसरीच्या अंगाने रचलेल्या यंत्रातून, गरिबाच्या खर्चाचा प्रश्न कसा वर आणावयाचा? विरोधक अध्यक्षांवर रागावले. त्यांनी नियमावलीवर रागवावयास हवे होते.

हा प्रश्न वर कसा येतो, ह्याचे उत्तम उदाहरण १९६३ चे आहे. ऑगस्टमध्ये अविश्वासाच्या ठरावावर बोलताना राममनोहर लोहियांनी दोन आकडे एकमेकांसमोर ठेवले : पंतप्रधानांवर दररोज होणारा पंचवीस हजार रुपयांचा खर्च, आणि सत्तावीस कोटी लोकांचे दररोज तीन आण्यांवर चालणारे आयुष्य. नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा सांगितला. सभागृह तापले, आणि तापावयासच हवे होते. अध्यक्ष हुकूमसिंग ह्यांच्या कारकीर्दीत ह्याच आकड्यांवर पुढे स्वतंत्र चर्चा झाली. राष्ट्रीय उत्पन्नाची वाटणी हा तोपर्यंत तज्ज्ञांच्या अहवालांतला विषय होता. तीन आणे आणि पंधरा आणे ह्या शब्दांनी तो चावडीवरचा झाला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की सार्वजनिक खर्चावरील स्वातंत्र्योत्तर काळातील हा सर्वांत गाजलेला वाद अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर झालाच नाही. तो अविश्वासाच्या ठरावावर झाला. मागण्यांच्या नियमांत त्याला जागा नव्हती, आणि अविश्वासाच्या ठरावात काहीही बोलता येते. सुव्यवस्था म्हणतात ती हीच, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आवाज चढला, पण आकड्याला आकड्याने उत्तर मिळाले, आणि अपुऱ्या राहिलेल्या मुद्द्याला नवी वेळ मिळाली.

वाढीच्या मागणीला कायमचे साधन मिळवून देण्याचा एक यशस्वी प्रयोग महाराष्ट्रात झाला, आणि तोही एका पीठासीन अधिकाऱ्याच्या हातून. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला. १९७२-७३ च्या दुष्काळाने, ज्याची झळ बीड जिल्ह्यास किती लागली हे येथील वडीलधाऱ्यांकडून ऐकावे, त्या कल्पनेचा राज्यव्यापी विस्तार झाला. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, रोजगार हमीच्या निधीस त्याचे उत्पन्न आणि त्याच्या बरोबरीने सरकारचा वाटा अशी सोय झाली. १९७७ चा अधिनियम झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ह्या रचनेचे संसदीय मर्म पुरेसे ओळखले गेलेले नाही. मजुराने काम मागितले की खर्च करणे सरकारवर बंधनकारक. म्हणजे दरवर्षी अनुदानाच्या मागणीवेळी 'खर्च वाढवा' म्हणून ओरडण्याची गरजच उरली नाही. मागणी सभागृहातून उठून कामाच्या ठिकाणी गेली. सभापतीच्या आसनावर अठरा वर्षे बसलेल्या माणसाला हे सुचावे, हा मला तरी योगायोग वाटत नाही. कोणत्या गाऱ्हाण्याला नियमांत वाट नाही, हे त्या आसनावरून जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडून दिसत नाही.

पुढील तीन दशकांचा वृत्तांत येथे धावता घेतला तरी चालेल. १९९३ मध्ये लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना खातेनिहाय स्थायी समित्या आल्या. अर्थसंकल्प मांडल्यावर सभागृहाला काही आठवडे सुट्टी द्यावयाची आणि त्या अवधीत समित्यांनी मागण्या तपासावयाच्या, ही मावळणकरी विचाराचीच पुढची पायरी होती. समित्यांचे काम पुष्कळदा चांगले होते. पण त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. आणि जे घडू नये ते घडले : समित्यांनी पाहिले आहेच, ह्या समजुतीने सभागृहातील चर्चा रोडावली. २००४-०५, २०१३-१४, २०१८-१९ आणि २०२३-२४ ह्या वर्षांच्या अर्थसंकल्पातील सर्वच्या सर्व मागण्या लोकसभेत चर्चेवाचून मंजूर झाल्या. चारही प्रसंगी कारण गोंधळाचे सांगितले गेले. परंतु गोंधळामुळे चर्चा झाली नाही हे जितके खरे, तितकेच गोंधळ असूनही मंजुरी मात्र अडली नाही, हेही खरे. त्याच १९९३ साली खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला, ही एक गंमतच म्हणावयाची. सभागृहाला सामुदायिकरीत्या एक रुपया वाढविता येत नाही, पण सदस्याला एकट्याने आपल्या मतदारसंघात खर्च सुचविता येतो.

नोव्हेंबर २००१ मध्ये शिस्त आणि सभ्यता ह्या विषयावर दिल्लीत पीठासीन अधिकारी, मुख्यमंत्री व पक्षनेते ह्यांची अखिल भारतीय परिषद झाली. त्या वेळी संसदीय कामकाज मंत्री होते अंबाजोगाईत वाढलेले, येथेच काही काळ शिक्षकी केलेले प्रमोद महाजन. सभागृह सांभाळण्याच्या कलेत त्यांचा हातखंडा होता, हे विरोधकही मान्य करीत. परिषदेपाठोपाठ डिसेंबरमध्ये लोकसभेच्या नियमांत ३७४-अ हा नियम आला : अध्यक्षांच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत उतरून कामकाज बंद पाडणारा सदस्य अध्यक्षांनी नाव घेताच पाच बैठकी किंवा उरलेले अधिवेशन, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढ्या काळापुरता आपोआप निलंबित होतो. ह्या नियमाने शिक्षा सोपी झाली. कारणांचा विचार त्या परिषदेत झालाच नाही असे नाही. पण नियमांत जे उतरले ते शिक्षेपुरतेच.

ह्या सर्व विवेचनाची कसोटी पाहावयाची तर महाराष्ट्र विधानसभेच्या २०१७ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनाइतके योग्य उदाहरण सापडणार नाही. अध्यक्षस्थानी हरिभाऊ बागडे, म्हणजे मराठवाड्याचेच. आणि वाद शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा, म्हणजे बीड जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा. १८ मार्च रोजी अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार अर्थसंकल्प वाचीत असताना विरोधी सदस्यांनी घोषणा दिल्या, फलक धरले, टाळ वाजविले. सभागृहाबाहेर अर्थसंकल्पाच्या प्रतीही जाळण्यात आल्या. थकीत पीककर्ज सुमारे ३०,५०० कोटींचे असून केंद्राच्या मदतीवाचून एवढा भार राज्याला पेलणार नाही, अशी सरकारची भूमिका होती. २२ मार्च रोजी संसदीय कार्यमंत्री गिरीश बापट ह्यांच्या प्रस्तावावर काँग्रेसचे नऊ आणि राष्ट्रवादीचे दहा, असे एकोणीस सदस्य ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित झाले.

विरोधकांची बाजू आधी तपासू. अर्थमंत्र्यांचे भाषण ऐकू येऊ न देणे हे गैर होते. सरकारचे आकडे लोकांपर्यंत पोहोचू देणे आणि मग ते खोडून काढणे, ह्यातच विरोधी पक्षाचे सामर्थ्य असते. निलंबनानंतर त्यांनी कामकाजावर बहिष्कार घातला, तोही माझ्या मते चुकला. मागण्यांवरील चर्चेची एक बाजू त्याने रिकामी झाली. हे सर्व खरे. पण कर्जमाफीसाठी अमुक कोटींची तरतूद करा, असा प्रस्ताव त्यांना कोणत्या नियमाखाली मांडता आला असता? अनुच्छेद २०३ ची दारे बंद होती. सहकार खात्याच्या मागणीत शंभर रुपयांची कपात सुचवून कर्जबाजारी शेतकऱ्यापुढे कोणते तोंड घेऊन जावयाचे? सरकारातील भागीदार पक्षही त्या वेळी कर्जमाफी मागत होता, म्हणजे मागणीमागे सभागृहाचे बहुमत असण्याचा संभव होता. आणि तरीही ते बहुमत मोजण्याची सोय नव्हती. अविश्वासाचा ठराव हे एकच साधन उरते, आणि ते वापरणे म्हणजे सरकार पाडणे. एका खर्चाच्या बाबीसाठी सरकार पाडा किंवा गप्प बसा, एवढेच दोन पर्याय जेथे असतात, तेथे तिसरा पर्याय टाळ वाजविण्याचा निघतो.

सरकारपक्षाचा दोष अधिक गंभीर आहे, कारण तो तात्कालिक संतापाचा नसून ठरवून केलेल्या प्रस्तावाचा आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या ५३ व्या नियमाने अध्यक्षांना दिलेले अधिकार पायरीपायरीचे आहेत : गंभीर गैरवर्तनासाठी त्या दिवसापुरते बाहेर काढावे, आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसेच घडले तर फार तर उरलेल्या अधिवेशनापुरते. नऊ महिन्यांचे निलंबन ह्या नियमातून निघत नाही. ते सभागृहाच्या अंगभूत अधिकारातून काढावे लागते. ५ जुलै २०२१ रोजी, पक्षांची अदलाबदल झालेली असताना, ह्याच सभागृहाने भारतीय जनता पक्षाचे बारा सदस्य एका वर्षासाठी निलंबित केले. तेव्हा २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरविला. चालू अधिवेशनापलीकडचे निलंबन हे बडतर्फीहून वाईट, कारण बडतर्फ सदस्याची जागा सहा महिन्यांत भरावी लागते, आणि निलंबित सदस्याचा मतदारसंघ मात्र प्रतिनिधीवाचून राहतो, असे न्यायालयाचे तर्कशास्त्र आहे. ते २०१७ च्या ठरावालाही जसेच्या तसे लागू पडते. अर्थसंकल्पी अधिवेशनात तर आणखी एक मुद्दा येतो, ज्याचा विचार न्यायालयापुढे येण्याचे कारण नव्हते. मागण्यांवर मते घेतली जाण्याच्या ऐन काळात विरोधी बाकांवरील एकोणीस मते वजा होणे म्हणजे सुव्यवस्था राखणे नव्हे. ज्या निर्णयासाठी सुव्यवस्था हवी, त्या निर्णयाचेच मोजमाप बदलणे होय. निलंबन पुढे टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले, ह्याचे श्रेय द्यावयास हवे. पण मागे घेण्याचा निर्णयही नियमातून नव्हे, वाटाघाटीतून आला.

ह्या अधिवेशनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी छापील वृत्तांताविषयी एक सावधगिरी बाळगावी. अशा प्रसंगी वृत्तांतात भाषण संपूर्ण असते आणि गोंगाट कंसातील एखाद्या शब्दात आवरलेला असतो. कोण काय ओरडले, कोणत्या आकड्यावर ओरडले, आणि मंत्र्यांनी त्या आरोळीला उत्तर म्हणून भाषण बदलले काय, हे त्यातून कळत नाही. वृत्तांताच्या आधारे केलेली बेशिस्तीची कोष्टके म्हणूनच फारशी उपयोगी नाहीत; ती मिनिटे मोजतात आणि मुद्दे सोडून देतात. त्याऐवजी एकेक मागणी घ्यावी, तिच्यावर कपात सूचना किती आल्या, त्यांतील किती सूचनांचा खरा आशय वाढीचा होता, आणि त्यांपैकी कितींना मंत्र्यांनी उत्तर दिले, हे पाहावे. मराठवाड्याच्या अनुशेषाविषयी १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून इतके लिहिले गेले आहे. परंतु त्या अनुशेषाने मागण्यांवरील चर्चेत कोणती भाषा धारण केली, ह्याचा शोध अद्याप घेण्यासारखा आहे. १९९४ ची वैधानिक विकास मंडळे आणि राज्यपालांचे निधिवाटपाचे निर्देश ही, एका अर्थी, सभागृहात ज्या मागणीला साधन नव्हते तिला सभागृहाबाहेर दिलेले साधन होते. आणि त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

सरकारनेच खर्च सुचवावा ह्या दंडकाच्या समर्थनार्थ एक बळकट युक्तिवाद आहे, आणि तो टाळून चालणार नाही. प्रत्येक सदस्याला रक्कम वाढविण्याचा अधिकार दिला तर अर्थसंकल्प हा दोनशे अठ्ठ्याऐंशी याद्यांची बेरीज होईल. कराची जबाबदारी एकाची आणि खर्चाचे श्रेय दुसऱ्याचे, असे होईल. हे मान्य आहे. म्हणून रक्कम वाढविण्याचा अधिकार मागण्याचे कारण नाही. परंतु 'अमुक बाबीवरील तरतूद अपुरी आहे असे ह्या सभागृहाचे मत आहे', असा बंधनकारक नसलेला, पण मतास टाकता येईल असा प्रस्ताव मागण्यांच्या चर्चेतच घेण्याची सोय नियमदुरुस्तीने करता येईल, आणि तिला संविधानाची आडकाठी दिसत नाही. सरकारने तो मानला नाही तर त्याची कारणे त्याच अधिवेशनात लेखी द्यावीत. १८ मार्च २०१७ रोजी असा प्रस्ताव उपलब्ध असता तर भागीदार पक्षाला मत द्यावे लागले असते, सरकारला ३०,५०० कोटींचा आकडा तपशिलाने समजावून द्यावा लागला असता, आणि अध्यक्ष बागड्यांना फलक खाली ठेवा असे सांगण्याऐवजी मतविभागणीची घंटा वाजवावी लागली असती.

प्रत्यक्षात घडले ते असे. १ जूनपासून शेतकऱ्यांचा संप झाला. २४ जून रोजी सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. जुलैच्या पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांत तिच्यासाठी २०,००० कोटींची तरतूद आली, आणि चार महिन्यांपूर्वी ज्या सभागृहात हा विषय काढण्याच्या रीतीवरून एकोणीस सदस्य बाहेर गेले होते, त्याच सभागृहाने, ते सदस्य परत आपापल्या जागी बसलेले असताना, ती मागणी मंजूर केली.